पंधरा लाल पानं

शाळेच्या ग्रुपवर रात्री पावणेदहाला येणारा निरोप कधीच सुखाचा नसतो. सुखाचे निरोप सकाळी येतात, उगवत्या सूर्याच्या चित्रासकट. पावणेदहानंतर येतं ते काम, आणि त्याची मुदत उद्या-परवाची असते.

गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या श्रीखंडाचा डबा अजून फ्रिजमधून हलला नव्हता तेव्हा असाच एक निरोप आला. 'प्रिय पालक, सोमवारी आपल्या वर्गात ऑटम सीझन साजरा होत आहे. पाल्याने स्वतः तयार केलेले ऑटम ट्री (ए-थ्री आकार) आणावे. सोबत आणायचे साहित्य : लाल, केशरी व पिवळी वाळलेली पाने १५, एकॉर्न ५, पाइन कोन २. पालकांनी मदत करू नये, ही विनंती.'

शेवटच्या वाक्यापुढे जोडलेले हात होते. पालकांच्या भाषेत या वाक्याचा अर्थ 'मदत केलेली दिसू नये' असा होतो, हे मी अनुभवाने शिकलोय. मी अडलो होतो त्याच्या आधीच्या ओळीत. आमची रेवा दुसरीत आहे आणि आम्ही राहतो पुण्यात, सिंहगड रस्त्याला. आमच्या खिडकीतून एक वड, दोन गुलमोहर आणि एक पिंपळ दिसतो. ऑक्टोबरात ही मंडळी चार महिने पाऊस पिऊन अशी भरलेली असतात की लग्नघरातल्या वरमाया वाटाव्यात. त्यांच्याकडे वाळलेलं पान मागायचं म्हणजे मांडवात वरमाईकडे जुनं पातळ मागण्यासारखं.

"ऑटम म्हणजे आपला शरदच ना रे?" बायकोने विचारलं.

"हो. आश्विन आणि कार्तिक."

"मग शरदात चांदणं असतं. पानं कुठे गळतात?"

"त्यांच्याकडे गळतात."

"कुणाकडे?"

मी रेवाच्या अभ्यासाच्या टेबलावरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. त्यात चार गोल आहेत. पहिल्यात फुलं, दुसऱ्यात सूर्य, तिसऱ्यात केशरी झाड, चौथ्यात बर्फाचा माणूस. पुण्यात वाढणाऱ्या मुलीच्या तक्त्यात बर्फाचा माणूस आहे आणि पावसाळा नाही. जून ते सप्टेंबर आम्ही नक्की कशात भिजतो, याचा त्यात पत्ताच नाही. आमच्या वेळी ऋतू सहा होते आणि परीक्षेत हेमंत-शिशिराची अदलाबदल झाली की अर्धा मार्क जायचा. पण पाऊस तरी जात नव्हता.

आई पलंगावर बसून जपमाळ ओढत होती. माळ न थांबवता म्हणाली, "या दिवसांत आम्ही एकच हस्तकला केली. हत्ती."

आईचं म्हणणं असं, की सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा, तो मध्ये ठेवायचा आणि मुलींनी भोवती फेर धरायचा. हादगा म्हणा, भोंडला म्हणा. हत्ती काढायला मोठी बहीण, त्याच्यात तांदूळ-डाळी भरायला मधली, आणि शेपटीचा गोंडा धाकटीचा. वयोगटाप्रमाणे वाटणी ठरलेली.

"आणि साहित्य काय लागायचं?"

"पाट," आई म्हणाली आणि पुढच्या मण्याला गेली.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी कापडी पिशवी घेऊन बाहेर पडलो. आमच्या रस्त्यावर महापालिकेच्या एक मावशी झाडायला येतात. त्यांना गाठलं.

"मावशी, वाळकी पानं मिळतील का? रंगीत?"

त्यांनी खराट्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. सकाळी साडेसहाला माणसं त्यांच्याकडे सहसा कचरा टाकायला येतात. मागायला आलेला मी पहिलाच असणार.

"कसली रंगीत?"

"लाल, केशरी, पिवळी. मुलीच्या शाळेत पानगळ आहे."

"आत्ता?" त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "मार्चात या. पोतं भरून देते. आत्ता झाड काय येडं झालंय का पानं टाकायला? आत्ता तर प्यालंय."

मी घरी येऊन पुस्तकं चाळली, तर मावशींचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं निघालं. थंड मुलुखात दिवस लहान होत जातात, उजेड कमी पडतो, तेव्हा झाडं पानांतलं हरितद्रव्य मोडीत काढतात. मग खाली आधीपासून दडलेला पिवळा-केशरी रंग वर दिसतो. लाल रंग मात्र कित्येक झाडं त्याच दिवसांत नव्याने तयार करतात, निघायच्या आधी एकदा पैठणी नेसून घ्यावी तसा. आपल्याकडची पानगळ थंडीची नसते, तहानेची असते. जमीन कोरडी पडायला लागली की असलेलं पाणी पानांवाटे उडून जाऊ नये म्हणून झाडं पानंच टाकून देतात. ऑक्टोबरात जमिनीत ओल असते, त्यामुळे झाडाला काटकसरीची गरज नसते. आणि पगार झाल्या झाल्या कुणी काटकसर करत नाही.

जाता जाता मावशींनी एक पत्ता मात्र दिला होता. "मागच्या गल्लीत बदामाचं झाड आहे. ते येडं आहे. बघा."

देशी बदाम हे खरंच वेगळं प्रकरण आहे. त्याचं पान पडायच्या आधी रीतसर लाल होतं, आणि त्याची मुख्य पानगळ झाली तरी एखाददुसरं पान मुहूर्त न बघता रंगून खाली येतं. मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा त्या झाडाखाली चार पुरुष उभे होते. चौघांच्या हातात पिशव्या होत्या आणि चौघे फिरायला आल्यासारखं दाखवत होते. चौघेही दुसरी ब चे बाबा. आम्ही एकमेकांना ओळखत होतो, पण नावाने नाही. रेवाचे बाबा, अद्वैतचे बाबा, अशी आमची ओळख. सगळ्यांनी मिळून वर बघायला सुरुवात केली. पान पडलं की ज्याच्या जवळ पडेल त्याचं, असा नियम आपोआप ठरला. तो सात मिनिटं पाळला गेला. मग अद्वैतचे बाबा गाडीतून आंबे काढायचा झेला घेऊन आले. ते मूळचे रत्नागिरीचे. पुण्यात झेला कशाला बाळगता, असं त्यांना आजवर सगळ्यांनी विचारलं असेल. त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

माझ्या वाट्याला चार पानं आली. घरी आणल्यावर लक्षात आलं की बदामाचं पान चांगलं वीतभर लांब असतं. ए-थ्री कागदावर अशी दोन पानं लावली तर तिसऱ्यापासून झाडच दिसत नाही.

आता एकॉर्न. एकॉर्न म्हणजे ओकच्या झाडाचं टोपी घातलेलं फळ. आईने पूजेच्या डब्यातून पाच सुपाऱ्या दिल्या, मोजून परत आणायच्या अटीवर. टोप्यांचा प्रश्न रेवाने सोडवला. त्या दिवशी भेंडीची भाजी होती. तिने भेंडीची पाच देठं उचलून सुपाऱ्यांवर बसवली. त्या पाच सुपाऱ्या एका ओळीत अशा दिसायला लागल्या की ओकनेही क्षणभर आपली म्हटलं असतं. पाइन कोनच्या जागी आम्ही कोकणातल्या समुद्रकाठच्या सुरूच्या बनातून आणलेली बोंडं काढली. ती असतात बोराएवढी. त्यामुळे आमचे पाइन कोन आमच्या एकॉर्नपेक्षा लहान होते. पण जंगलात मान वयाला असतो, आकाराला नाही, असं मी रेवाला सांगितलं.

राहिलेलं सामान आणायला कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. माझं ठाम मत आहे की शहरातले खरे शिक्षणतज्ज्ञ काउंटरच्या मागे उभे असतात. पाच शाळांचं वर्षभराचं वेळापत्रक त्या काकांच्या डोक्यात आहे.

"कितवी?" त्यांनी विचारलं.

"दुसरी."

"ब का? ऑटम." त्यांनी मागे न बघता एक पाकीट काढून काउंटरवर टाकलं. आत केशरी, लाल, पिवळा आणि चॉकलेटी फोम, मेपलच्या पानांचा छापा आणि चमकीची डबी. "अ वाल्यांचं मंगळवारी आहे. फेव्हिकॉल मोठाच घ्या, छोटा रात्री बारा वाजता संपतो. आणि पुढच्या आठवड्यातलं कम्युनिटी हेल्परचं पाकीट आत्ताच नेता का?"

याच पुण्यात, आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं मुलांना खेळणी करायला शिकवलं. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांना काय लागतं, तर काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रद्दीतला कागद. हा माणूस काकांच्या धंद्याच्या मुळावर उठलेला आहे. पण काका शांत असतात, कारण त्यांना पालक ठाऊक आहेत. पालक टाकाऊतून टिकाऊ करायचं ठरवतात आणि त्यासाठी लागणारं टाकाऊ विकत घ्यायला येतात.

रविवारी दुपारी हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून कामाला बसलो. हस्तकलेच्या पुस्तकांत वयोगट दिलेले असतात. तीन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते बारा. पुस्तकं लिहिणाऱ्यांचा मुलांवर फार विश्वास असतो.

आमचा धाकटा निमिष साडेतीन वर्षांचा. त्याला शाळेने काही सांगितलेलं नव्हतं, पण ज्या घरात फेव्हिकॉल उघडतो तिथे तीन वर्षांच्या मुलाला निमंत्रण लागत नाही. या वयात कात्री नीट चालत नाही. एकदा उघडली आणि एकदा मिटली की एक टवका निघतो, आणि तेवढ्याने मुलाचं समाधान होतं. फाडणं मात्र झकास जमतं. म्हणून जाणकार म्हणतात, लहानांना कागद फाडून चिकटवायला द्यावा, चिमटीला बळ येतं. मी त्याला जुनं वर्तमानपत्र दिलं. त्याने त्याच्या शेजारची घरपट्टीची पावती घेतली. तिची त्याने अगदी एकसारखी पानं केली. पावतीचं मला वाईट वाटलं, पण चिमटीला आलेलं बळ डोळ्यांनी दिसत होतं.

मग अंगठ्याचे ठसे. अंगठा रंगात बुडवायचा आणि फांद्यांवर टेकवायचा, की पानं तयार. कागदावर वीस उमटली. फ्रिजवर चाळीस. फ्रिजवरची अजून गळालेली नाहीत. शेवटी घरपट्टीची पानं चिकटवायची वेळ आली तेव्हा त्याने ती सगळी एकाच ठिकाणी, एकावर एक अशी लावली. पानं लांब लांब लावायची असतात, असं म्हणत मी वरचं पान सोडवायला गेलो तर तो माझ्यावर ओरडला.

"उठवू नको! झोपलीयेत ती!"

पानगळीची याहून बरी व्याख्या मला सुचलेली नाही. मी हात मागे घेतला.

रेवा सात वर्षांची. या वयात मुलांना हात पुरता आलेला असतो आणि मॅमचा शब्द हा कायदा असतो. मी तिला पान कागदाखाली ठेवून वरून खडू घासायला शिकवलं, आम्ही नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासायचो तसं. पिंपळाच्या पानाची एकेक शीर कागदावर उमटायला लागली आणि तिचे डोळे मोठे झाले. मग पुढचा तासभर घरात एक पान सुटलं नाही. तुळस, कढीपत्ता, मनीप्लँट, विड्याचं पान, शेवटी कोबी. कोबीच्या शिरा सगळ्यात सुंदर येतात, हे मला चाळिशीत कळलं.

पण लाल पानं अजूनही चारच होती. रेवा घरभर फिरली आणि देवघरातून मूठ भरून आली. दसऱ्याचं सोनं! आपट्याची पानं, चांगली वाळलेली, कडेने पिवळी पडलेली.

"अगं, सोनं चिकटवतात का कुठे?" आई जपमाळेसकट उठली. मग तिने रेवाला रघुराजाची आणि कौत्साची गोष्ट सांगितली. गुरुदक्षिणेसाठी कौत्साला चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, रघूचा खजिना रिकामा होता, मग कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला आणि लोकांनी आपट्याखालचं सोनं लुटलं. रेवाने सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"आजी, मला चौदा कोटी नकोयत. पंधराच पाहिजेत."

आजीने पंधरा मोजून दिली.

आपट्याच्या पानाला दोन पाकळ्या असतात. रेवाने ते आडवं धरलं, मध्ये पेनाने एक रेघ मारली, पुढे दोन मिशा काढल्या, आणि पानाचं फुलपाखरू झालं. तिने पंधरा फुलपाखरं केली. झाडाला मात्र हिरवी पानं लावली, भरपूर. का, तर खिडकीतलं झाड बघून काढलं म्हणून. फेव्हिकॉलची मोठी बाटली तिने निम्मी संपवली. प्रत्येक पान ओल्या भिंतीवर टाइल बसवावी तसं दाबून बसवलं आणि नऊ वाजता झोपायला गेली.

खरं म्हणजे इथे रविवार संपायला हवा होता. पण हस्तकलेचा एक वयोगट कुठल्याच पुस्तकात छापलेला नसतो. वय वर्षं पस्तीस ते पंचेचाळीस.

दहा वाजता ग्रुपवर फोटो यायला लागले. 'आमच्या अद्वैतने स्वतः केलं!' अद्वैतच्या झाडाला उभं खोड होतं, फांद्या तारेच्या होत्या आणि आत दिवा लागत होता. सात वर्षांच्या मुलाने वायरिंगही स्वतःच केलं होतं. मी फोन बायकोला दाखवला. ती रेवाच्या झाडाकडे बघत राहिली.

"नुसतं खोड सरळ करूया का?" ती म्हणाली.

"नुसतं खोड," मी म्हणालो.

पण रेवाच्या कागदाला हात लावायचा धीर होईना, म्हणून आम्ही नवा कागद घेतला. साडेअकराला खोड सरळ झालं. बाराला आमचं फांद्यांवरून भांडण झालं. तिचं म्हणणं, फांदी खालून जाड हवी. माझं म्हणणं, मला झाडं कळतात, मी शनिवारी चार बाबांबरोबर एका झाडाखाली उभा होतो. मग ती कागदाच्या पट्ट्यांची क्विलिंगची भोकरं करायला बसली आणि मी फोमची मेपलची पानं कापायला. छापा चुकीचा निघाला. मेपलच्या पानाला टोकं किती, हा प्रश्न रात्री साडेबाराला आमच्या घरात पहिल्यांदाच उभा राहिला. कॅनडाच्या झेंड्यावर अकरा आहेत, मोजून बघितली. मग अकरा टोकांची सव्वीस पानं कापली. बायको म्हणाली, "किती वर्षांनी काहीतरी दोघांनी मिळून केलं रे." ते खरं होतं. दीड वाजता आमचं झाड इतकं देखणं झालं होतं की आम्ही दिवा बंद करून मोबाइलच्या उजेडात त्याच्याकडे बघत बसलो.

सकाळी रेवा उठून हॉलमध्ये आली.

"हे कुणाचंय?"

आम्ही दोघेही काही बोललो नाही.

"छान आहे," ती आम्हाला म्हणाली, मॅम म्हणतात त्याच आवाजात. "पण मला माझं न्यायचंय." आणि तिने स्वतःचं झाड गुंडाळी न करता, दोन्ही हातांत आडवं धरून नेलं. आमचं झाड आता शोकेसमध्ये आहे. पाहुणे विचारतात, रेवाने केलं का. आम्ही हो म्हणतो.

सोमवारी संध्याकाळी ग्रुपवर वर्गातले फोटो आले. एका भिंतीवर एकोणचाळीस केशरी झाडं, सगळी एकाच दुकानातल्या एकाच पाकिटातून उगवलेली. मध्ये एक हिरवं झाड, फुलपाखरांचं. ऑक्टोबरचा उकाडा असल्यामुळे वर्गातले पंखे पूर्ण वेगात होते. त्यामुळे डबा खायच्या सुट्टीनंतर एकोणचाळीस झाडांची खरोखरच पानगळ झाली. फोम आणि चमकी वर्गभर उडाली आणि मुलांनी उड्या मारून पानं झेलली. शाळेच्या इतिहासात कुठली थीम इतकी यशस्वी झाली नसेल. रेवाचं एक पान हललं नाही. वहीत शेरा आला : 'झाड सुंदर. मात्र पाने गळत नाहीत.'

तो शेरा मी त्या आठवड्यात माझ्या मेहुणीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला. ती बॉस्टनजवळ राहते. तिच्या मागे अंगणात पानांचे ढीग होते, खरे, मेपलचे, केशरी, लाल आणि मधले असे काही रंग की त्यांना मराठीत साड्यांच्या दुकानातच नावं असतील. तिच्या मुलांनी मेणकागदाच्या दोन घड्यांमध्ये पानं ठेवून वरून इस्त्री फिरवली होती आणि ती खिडकीच्या काचेला लावली होती. मी आ वासून बघत राहिलो.

"जिजू, कौतुक नका करू," ती म्हणाली. "तीन शनिवार झाले, नुसती पानं ओढतेय. पाठ गेली माझी. मला सांगा, किल्ल्याला माती कुठली वापरू?"

"म्हणजे?"

"दिवाळीचा किल्ला हो. पोरांना करायचाय. इथे दुकानातून कुंडीची माती आणली, तर ती भुसभुशीत, बुरूजच उभा राहत नाही. आणि अळीव पेरलेत गॅरेजमध्ये. इतकं गार आहे की उगवायचं नाव नाही. हीटर लावून बसलेय मी अळिवापाशी."

आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प झालो. एवढ्या मोठ्या समुद्राच्या अल्याड एक माणूस पानं शोधत होता आणि पल्याड एक बाई माती. "तुम्ही पोतंभर लाल माती पाठवा," ती म्हणाली, "मी दहा पोती ऑटम पाठवते." व्यवहार दोन्ही बाजूंनी फायद्याचा होता. पण विमानतळावरचे लोक माती आणि पालापाचोळा या दोन्हींकडे फार वाईट नजरेने बघतात.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बहिणीचा मुलगा अथर्व सांगलीहून आला. वय तेरा. या वयाची मुलं हस्तकलेकडे पोक्त माणसं भातुकलीकडे बघतात तशी बघतात. आमचं शोकेसमधलं झाड बघून तो म्हणाला, "मामा, हे बेबी लोकांचं काम आहे." मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पार्किंगमध्ये गुडघ्यापर्यंत चिखलात होता. किल्ला ही हस्तकला नाही, हे त्याचं मत मला मान्य आहे. किल्ला हे राज्य आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले होते. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यामुळे यंदा आपल्याला निवडीला बारा आहेत, असं अथर्वने जाहीर केलं, जणू युनेस्कोने ही यादी आमच्या पार्किंगसाठी काढली होती. रेवाला सिंधुदुर्ग हवा होता, कारण त्याच्याभोवती पाणी सोडता येतं. अथर्वला राजगड. निमिषला माती. शेवटी राजगड ठरला आणि पाण्यासाठी रेवाला त्यावर एक तळं मिळालं. अथर्वने मोबाइलवर नकाशा बघून पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या उभ्या केल्या. मधला बालेकिल्ला रेवाने थापून गुळगुळीत केला, पायऱ्या केल्या, बाजारपेठ केली आणि बाजारात भेंडीची टोपी घातलेल्या त्याच पाच सुपाऱ्या व्यापारी म्हणून बसवल्या. निमिषने मोहरी पेरली. पेरली म्हणजे एकाच जागी पूर्ण वाटी ओतली. दुसऱ्या दिवशी तो सुवेळा माचीवर बसला आणि तोफेशिवाय ती माची पडली. कुणी रडलं नाही. पडलेली माची पुन्हा उभी करणं हाच तर खेळ होता.

मला काम मिळालं ते पाणी आणायचं. बुरुजाला हात लावला की अथर्व म्हणायचा, "मामा, असू दे." चेअरमनसाहेबांनी सकाळी 'पार्किंगमध्ये माती टाकू नये' अशी सूचना लावली आणि संध्याकाळी स्वतःच येऊन तटबंदीला गेरू लावा म्हणून सांगून गेले. वय अडुसष्ट. जाताना त्यांच्या धोतराला चिखल लागला होता आणि त्यांनी तो झटकला नाही. चौथ्या दिवशी सकाळी निमिषने ओतलेल्या वाटीतून मोहरीचं इतकं दाट रान उगवलं की सगळे मावळे त्यात दिसेनासे झाले. अथर्वने ते तसंच ठेवलं. गनिमी काव्याला बरं, म्हणाला.

त्या चार दिवसांत मी एकदाही काकांच्या दुकानात गेलो नाही. पाडव्याला त्यांनी मला रस्त्यात बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

दिवाळी गेली. सुरूची बोंडं परत डब्यात गेली. सुपाऱ्या मोजून परत केल्या. चार मिळाल्या, एक अजून राजगडावर कुठेतरी आहे.

यंदाच्या मार्चात एका सकाळी गाडीला किक मारत होतो तेव्हा मावशी दिसल्या. रस्ताभर पानं होती. पिंपळ निम्मा उघडा झाला होता, आणि निम्म्यावर कोवळी तांबूस पालवी आली होती. वाऱ्याची एक झुळूक आली की पन्नास पानं खाली यायची, पिवळी, तपकिरी आणि कडेने जाळी पडलेली. मावशी झाडत होत्या आणि पिंपळ टाकत होता, असं दोघांचं चाललं होतं.

"साहेब!" त्यांनी हाक मारली. "मार्च लागला. आलं का तुमचं पोतं?"

त्यांना आठवत होतं. मी नको म्हणू शकलो नाही. गाडी स्टँडला लावली आणि त्यांनी दिलेलं युरियाचं रिकामं पोतं पकडून उभा राहिलो. त्यांनी खराट्याने चांगली पानं बाजूला केली, चुरा झालेली काढून टाकली, पोतं गच्च भरलं आणि सुतळीने तोंड बांधून दिलं. पैसे काही घेतले नाहीत. "पोरीला द्या," म्हणाल्या.

पोतं खांद्यावर घेऊन जिना चढताना खिशातला फोन वाजला. शाळेचा ग्रुप. दिवसाची वेळ होती, म्हणून धीर करून बघितलं. 'प्रिय पालक, सोमवारी आपण स्प्रिंग सीझन साजरा करीत आहोत. सोबत आणायचे साहित्य : ताजी हिरवी पाने १५. वाळलेली पाने आणू नयेत.'

मी वर आलो, स्टुलावर चढलो आणि पोतं माळ्यावर सरकवलं, गणपतीच्या मखराच्या आणि आकाशकंदिलाच्या मध्ये. जाड पेनाने त्याच्यावर लिहिलं : 'ऑक्टोबर. दुसरी ब. हलवू नये.' मग आठवलं की ऑक्टोबरात रेवा तिसरीत असेल, म्हणून 'दुसरी' खोडून 'तिसरी' केलं.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "काय ठेवतोयस रे माळ्यावर?"

"शरद ऋतू," मी म्हणालो.

"मखरावर नको ठेवू," ती म्हणाली.